राजाची बंदूक बाइकवर कशी आली?

आजचा एपिसोड एका लांबलचक काळ्या बॅगेबद्दल आहे. बाइकवर मागे बसलेल्या एखाद्या पोरीच्या पाठीला ती दिसते आणि आपल्याला वाटतं, गिटार असेल. बऱ्याचदा आत एअर रायफल असते आणि बापलेक बालेवाडीला मॅचसाठी निघालेले असतात. राजेरजवाड्यांचा हा खेळ सव्वाशे सीसीच्या गाडीवर कसा पोचला, ते आज बघू.

सुरुवात आपल्याच गावापासून. राजगुरुनगर म्हणजे जुनं खेड. २४ ऑगस्ट १९०८ ला इथे शिवराम हरी राजगुरू जन्मले. क्रांतिकारकांमध्ये त्यांची ओळख होती ती नेमबाज म्हणून. पण त्या काळात साध्या घरातल्या माणसाने बंदूक बाळगणं हाच गुन्हा होता. १८७८ च्या आर्म्स ॲक्टमुळे लायसन्सशिवाय हत्यार ठेवता येत नव्हतं, आणि लायसन्स कोणाला द्यायचं ते सरकार ठरवणार. म्हणजे नेमबाजी 'खेळ' म्हणून खेळणार कोण? तर संस्थानिक आणि साहेब लोक.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली. त्यामागे होते ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मूळ रत्नागिरीकडचं मराठी कुटुंब, कर्मभूमी अहमदाबाद. मावळंकर स्पर्धा हे नाव नेमबाजांच्या तोंडी असतं, ते त्यांच्याचमुळे. पण संघटना झाली म्हणून खेळ लगेच सगळ्यांचा झाला नाही. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत भारतासाठी रौप्य जिंकलं ते बिकानेरच्या महाराजा करणी सिंग यांनी. खेळाडू म्हणून ते मोठेच, पाच ऑलिंपिक खेळलेले. पण शॉटगन, काडतुसं, मोकळं मैदान आणि हे सगळं घेऊन जगभर फिरणं शाळामास्तरच्या घराला परवडणारं नव्हतं.

माझ्या मते चित्र बदललं ते तीन गोष्टींनी.

पहिली, १९८४. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल पहिल्यांदा आली. यात बारूद नाही, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पन्नास मीटरचं मैदान नको, एखादा हॉल पुरतो. आणि ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे बंदुकीचं लायसन्स लागत नाही. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात.

दुसरी, १९९४. नॅशनल गेम्ससाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. खेडहून तिथे जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.

तिसरी गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्या चाकणमध्ये बजाजचा प्लांट आला आणि २००१ मध्ये पल्सर बाजारात आली. आधीच्या पिढीने स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. आता हप्त्यावर बाइक घरोघरी आली. एसटीत रायफलची बॅग उभी करायला जागा शोधा, कंडक्टरला समजावा, नऊच्या मॅचसाठी पहाटेची गाडी पकडा, हे सगळं वाचलं.

पण बाइकवर हे सामान नेणं सोपं नसतं. मॅचची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. त्यात कॅनव्हास-लेदरचं जाड जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. हे जॅकेट टी-शर्टसारखं घडी घालून कोंबलं की त्याचा ताठपणा जातो, आणि पाठीला मिळणारा आधार त्या ताठपणातूनच येतो. नियमानेही कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही, त्यामुळे पुन्हा जाड शिवून घ्यायची सोय नाही. रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असतो साधारण २०० बारला. बाइकच्या टायरमध्ये असते दोन-अडीच बार! म्हणून तो उन्हात तापू द्यायचा नाही. बॅग आडवी बांधली तर ट्रॅफिकमध्ये कोणाला तरी लागणार. पाठीवर उभी घेतली तर हेल्मेटला आपटणार आणि वारा खेचणार.

खरा शत्रू म्हणजे खड्डे. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. चाकणच्या कंटेनरांमधून वाट काढत दोन तास हादरे खाल्लेली साइट जरा सरकली, तरी गुण कमी होतात. रेंजवर तयारी आणि सरावाच्या गोळ्या मिळून पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात साइटही जुळवायची आणि हँडल धरून आखडलेले हातही सैल करायचे. म्हणून जाणती पोरं हार्ड केस वापरतात, आत रायफल घट्ट बसवतात, आणि जमलं तर स्वतः गाडी चालवत नाहीत.

आता मुद्द्याचं. बाइक आपल्याला १० मीटरपर्यंत नेते. त्यापुढे ५० मीटरची .२२ रायफल सुरू होते: आठ किलोपर्यंत वजन, लायसन्स, कागदपत्रं, आणि प्रत्येक गोळीला पैसे. तिथे बापाची गाडी पुरत नाही.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव, वडील शिक्षक. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे नेमबाजी निवडली, पुढे रेल्वेत टीसीची नोकरी लागली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली. स्वप्नीलमागे घर होतंच, पण प्रबोधिनी आणि नोकरीही होती.

म्हणून मला वाटतं, तालुक्याला एक १० मीटरची रेंज हवी. महागातली रायफल गावातच कुलपात राहील, पोरं रिकाम्या हाताने सरावाला येतील, आणि ती बॅग फक्त मॅचच्या दिवशी हायवेवर दिसेल. तोवर ती दिसली तर हॉर्न मारू नका, जरा जागा द्या.

तुमच्या तालुक्यात रेंज आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू!