फरहादिया मशीद : पडलेले दगड आणि राहिलेली विद्या

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दूरच्या बोस्निया देशातील एका मशिदीची हकीकत पाहून काही वाचकबंधूंस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या टाकी आणि हातोडा यांवर संसार केले, त्या पाथरवटांच्या घरांस घडीव दगडाची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. देऊळ असो वा मशीद, चिरा चिऱ्यावर बसतो तो एकाच नियमाने. या मशिदीच्या इतिहासात आपल्या धंद्यास आणि आपल्या संघटनेस घेण्याजोगा एक बोध आहे, म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात सांगत आहोत.

बोस्नियाच्या उत्तर भागात व्‌र्बास नावाच्या नदीकाठी बांजा लुका हे शहर आहे. सोळाव्या शतकात हा मुलूख तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याच्या सरहद्दीवर होता. पलीकडे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा अंमल सुरू होई. त्या काळी येथील कारभार फरहाद पाशा सोकोलोविच याच्या हाती आला. साम्राज्याचा विख्यात वजीर मेहमद पाशा सोकोलू याचा हा नातेवाईक. इ. स. १५७५ मध्ये सरहद्दीवरील लढाईत त्याने ऑस्ट्रियाचा सेनापती हेर्बार्ड आउएर्सपेर्ग यास ठार केले व त्याच्या पुत्रास कैद केले. सेनापतीचे शिर व पुत्राची सुटका यांबद्दल मोठी खंडणी मिळाली आणि तिच्यातूनच मशीद उभी राहिली, अशी तिकडे परंपरागत समजूत आहे. मशीद पुरी झाली ती इ. स. १५७९ मध्ये, सुलतान तिसरा मुराद याच्या कारकिर्दीत. पुढल्याच वर्षी बोस्नियाचा दर्जा वाढून तो मोठा प्रांत झाला व फरहाद पाशा त्याचा पहिला बेलरबेग, म्हणजे सुभेदार, झाला.

पाशाने केवळ मशीद बांधून हात झटकले नाहीत. दुकाने, धान्याची कोठारे, स्नानगृहे अशा दोनशेहून अधिक इमारती त्याने उभारल्या असे सांगतात. मशिदीच्या बांधकामाबरोबर पाण्याची व्यवस्था झाली, तिचा लाभ आसपासच्या वस्तीस मिळाला. मशिदीभोवती बाजारपेठ आणि पेठेभोवती शहर, अशी उस्मानी नगररचनेची रीत होती. बांजा लुका त्या रीतीने वाढले. इ. स. १५९० मध्ये बुडा येथे फरहाद पाशाचा खून झाला, आणि त्याची कबर याच मशिदीच्या आवारात, एका घुमटीखाली बांधण्यात आली. जवळच एक घड्याळाचा मनोराही होता.

आता इमारतीकडे वळू. राजधानी इस्तंबूल येथील प्रचंड मशिदींच्या मानाने फरहादिया लहानच. तिची रुंदी सुमारे १८ मीटर, लांबी १४ मीटर आणि घुमटाची उंचीही १८ मीटर. दर्शनी बाजूस खांबांवर तोललेली ओसरी आणि तीवर तीन छोटे घुमट. आत मुख्य दालनावर मोठा घुमट. मक्केच्या दिशेकडील भिंत, जेथे मिहराब असतो, तेथे बाहेर सरकलेला कोनाडा आणि त्यावर अर्धा घुमट. उजव्या हातास सुमारे ४३ मीटर उंचीचा सडपातळ मिनार. बैठी वास्तू आणि तिच्या कडेला आकाशात झेपावणारा मिनार, या दोहोंच्या प्रमाणातच तिचे सौंदर्य होते. उस्मानी कारागीर दोन चिरे सांधण्यासाठी लोखंडी कड्या घालीत व खाचेत वितळलेले शिसे ओतीत. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा ही युक्ती आपल्यास अपरिचित नाही.

ही वास्तू कोणी घडविली? इतिहासाने त्या कारागिराचे नाव राखले नाही. थोर वास्तुकार सिनान याच्या परंपरेतील तो असावा, एवढेच जाणकार म्हणतात. लोककथेने मात्र ही उणीव भरून काढली. अशी दुसरी वास्तू कोठे होऊ नये म्हणून पाशाने गवंड्यांस मिनारात कोंडले. त्यांनी तेथेच पंख तयार केले आणि एका रात्री ते उडून गेले, असे ती कथा सांगते. कथा खरी नव्हे, परंतु तिचे मर्म खरे आहे. कारागिरास कोंडता येईल, त्याची विद्या कोंडता येत नाही.

या मर्माची कठोर परीक्षा पुढे झाली. १९९२ ते १९९५ या काळातील बोस्नियाच्या युद्धात बांजा लुका शहरातील सोळा मशिदी नष्ट करण्यात आल्या. ६ व ७ मे १९९३ यांच्या दरम्यानच्या रात्री फरहादिया स्फोटकांनी उडविली गेली. त्याच रात्री अर्नाउदिया नावाची दुसरी जुनी मशीदही गेली. मिनार स्फोटानंतरही काही काळ उभा होता. पुढे तोही पाडला. डिसेंबरमध्ये घड्याळाचा मनोरा पाडण्यात आला. चिरे शहराच्या कचराडेपोत नेऊन टाकले, काही तर फोडून भरावासाठी वापरले. शहरातील बहुसंख्य मुसलमान रहिवाशांस घरे सोडावी लागली. चारशे चौदा वर्षांची वास्तू अशी एका रात्रीत ढासळली.

युद्ध संपल्यावर परतलेल्या लोकांनी मशीद पुन्हा बांधण्याची मागणी केली. १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क न्यायासनाने पुनर्बांधणीस परवानगी द्यावी असा आदेश दिला. ७ मे २००१ रोजी कोनशिला बसविण्याचा समारंभ होता. परंतु जमावाने हल्ला केला, त्यात झालेल्या जखमांनी एका मनुष्याचा प्राण गेला. तरीही १८ जून रोजी पोलीस बंदोबस्तात कोनशिला बसविली गेलीच.

पुढे जे काम झाले, ते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. साराएवो येथील वास्तुशास्त्रज्ञ प्राध्यापक मुहामेद हामिदोविच यांच्या मार्गदर्शनाखाली कचऱ्यातून एकेक चिरा शोधून काढण्यात आला. जुनी मोजमापे व छायाचित्रे यांच्याशी ताडून, हा कमानीचा, हा मिनाराचा, हा ओसरीचा, असे ठरवीत प्रत्येकास त्याच्या मूळ जागी बसविण्याचा यत्न झाला. हरवलेल्याच्या जागी नवा चिरा घडविला. या कामास वर्षानुवर्षे लागली. अखेर ७ मे २०१६ रोजी, पाडल्याच्या बरोबर तेवीस वर्षांनी, मशिदीचे द्वार पुन्हा उघडले.

काही जण विचारतील, की ही जुनी मशीद म्हणावी की नवी? आम्हांस वाटते, या प्रश्नापेक्षा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे : ती उभी राहू शकली ती कशाच्या बळावर? धन लागले, धैर्यही लागले. परंतु मोजमापे, चित्रे व दगड घडविणारे हात नसते, तर मूळचे चिरे सापडूनही ते केवळ दगडांचा ढीगच ठरले असते. कोणता चिरा कोठला, हे सांगणारे ज्ञान जिवंत होते, म्हणून चिऱ्यांस अर्थ आला.

आणि येथेच आपल्या ज्ञातीने विचार करावा. आपल्या पूर्वजांनी बांधलेले घाट, दीपमाळा, वाडे, पूल गावोगाव आहेत. त्यांवर बांधविणाऱ्यांची नावे आहेत, घडविणाऱ्यांची नाहीत. आमची संघटनेच्या सभासद कुटुंबांस विनंती आहे, की त्यांनी आपापल्या गावच्या एकेका जुन्या बांधकामाचे माप घ्यावे, चित्र काढावे, वृद्धांस विचारून कारागिरांची नावे लिहून ठेवावीत आणि पुढील स्मरणिकेसाठी पाठवावीत. संकट कधी येईल ते कोणी जाणत नाही. आले तर दगड कोठे ना कोठे सापडतील. त्यांची जागा सांगणारा कागद मात्र आजच लिहिला पाहिजे.