थंबनेलच्या आधी पोस्टर होतं: चॅनल वाढवायचा कोल्हापुरी इतिहास

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. ज्यांना कंपनीत इअरफोन घालायला बंदी आहे, त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय झालं' हे जरा कमी केलंय.

परवा लक्ष्मी टेकडीला चहाच्या टपरीवर उभा होतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीची फर्स्ट शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसेस, हायवेला लागणाऱ्या गाड्या, आणि थांबलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तिथं आपला एक श्रोता भेटला. नाव सांगत नाही, त्याच्या सुपरवायझरनं ऐकलं तर पंचाईत. पोरगा व्हीएमसी मशीन चालवतो आणि आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत मशीनचे व्हिडिओ करतो.

म्हणाला, "दादा, दीड वर्ष झालं. ११२ व्हिडिओ टाकले. सबस्क्राइबर ८४०. एक जण म्हणतोय, दोन हजार दे, हजाराच्या वर नेऊन देतो. घेऊ का?"

आणि मग आवाज बारीक करून, "पैसे चालू झाले की नोकरी सोडायचा विचार आहे."

मी लगेच काही बोललो नाही. कारण मीही हा उद्योग केलाय. 'तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो' अशा एका ग्रुपात होतो. आठवड्यात ३०० वाढले. नवीन एपिसोड टाकला तर त्यातले चौघं आले. त्यातला एक माझा मावसभाऊ.

आधी हिशोब करू. यूट्यूबनं जानेवारी २०१८ मध्ये नियम जाहीर केला: जाहिरातीचा वाटा पाहिजे तर १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलेले पाहिजेत. (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे.) ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस सरासरी ३ मिनिटं बघत असेल, तर ८० हजार वेळा कुणीतरी तुमचा व्हिडिओ बघायला पाहिजे. विकत घेतलेले हजार जण यातलं एक मिनिटही देत नाहीत. शिवाय खोटे सबस्क्राइबर यूट्यूब काढून टाकतं, आणि प्रकरण वाढलं तर चॅनलवर कारवाई होते. म्हणजे दोन हजार रुपये देऊन आकडा आणला, माणूस नाही आणला.

मग माणूस कसा आणायचा? यासाठी आपल्याला शंभर वर्षं मागं जायचंय. लांब नाही, इथून २० किलोमीटरच्या आसपास, कोल्हापुरात. पण त्याआधी दोन मिनिटं मुंबईला.

१९१२ च्या सुमाराला दादासाहेब फाळके सिनेमा काढायला निघाले. पैसे कोण देणार? सिनेमा काढता येतो यावरच कुणाचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी काय केलं, तर वाटाण्याला मोड येऊन रोप कसं वाढतं, ते थोडं थोडं करून रोज कॅमेऱ्यात घेतलं आणि पैसेवाल्यांना दाखवलं. आज त्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो. महिनाभराची वाढ काही सेकंदांत पडद्यावर! पैसे उभे राहिले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढं सुरतेत तो चालेना. लोक म्हणायचे, नाटक तासन् तास चालतं, हे एवढंसं बघायला पैसे कशाला द्यायचे? तेव्हा फाळक्यांनी केलेल्या जाहिरातीची नोंद सिनेमाच्या इतिहासात आहे. आशय असा: ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत! गर्दी झाली.

आता गंमत बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. ५७ हजाराला १६ नं भागा. साडेतीन हजार फुटांच्या जरा वर येतात. दोन मैल राहू द्या, पाऊण मैलही होत नाही. म्हणजे फोटोंचा आकडा पटतो, मैलांचा फुगवलाय. क्लिकबेट काही आजचं नाही मंडळी! पण पब्लिक शिव्या देत बाहेर पडलं नाही. कारण आत हरिश्चंद्र खरंच होता. जाहिरातीनं मोजमाप वाढवून सांगितलं, पण माल दुसरा दिला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कोल्हापूर. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघं नात्यातले भाऊ. काम काय, तर नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं, पण कॅमेरा नव्हता. मग ठरलं, कॅमेराच बनवायचा. १९१६ मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन ते पुरं केलं. कानशीनं घासायचं, लेथवर फिरवायचं, बसतंय का बघायचं, नाही बसलं की परत. आज आपल्या एमआयडीसीत जे पोरगं मायक्रोमीटर घेऊन जॉब तपासतं, त्याला हे वेगळं सांगायला नको. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो याच माणसांच्या आठवणीत.

कंपनी काढायला भांडवल लागलं तेव्हा पुढं आल्या गायिका तानीबाई कागलकर. हो, कागलकर! १९१७-१८ च्या त्या दिवसांत कोणी सावकार नाही, कोणी बँक नाही, एका गाणाऱ्या बाईनं कोल्हापूरच्या सिनेमावर पैसे लावले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की कागलचा आणि या धंद्याचा काय संबंध, तर हे नाव सांगा.

कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला आणि गाजला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. आपल्या विषयाला महत्त्वाचं ते पुढं आहे. बाबूराव मूळचे रंगारी, त्यामुळं सिनेमाची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. शिवाय प्रेक्षकाला सिनेमाची माहिती आणि फोटो असलेली छापील पुस्तिका द्यायची, ही पद्धत आपल्याकडं त्यांनी पाडली. आता तुमच्या भाषेत सांगतो. पोस्टर म्हणजे थंबनेल. पुस्तिका म्हणजे डिस्क्रिप्शन. आणि दोन्ही करणारा माणूस तोच, ज्यानं सिनेमा केलाय. आत काय आहे ते त्याला माहीत, म्हणून बाहेर काय रंगवायचं तेही माहीत. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. पोस्टर बघून आत आलेल्या माणसाला पोस्टरपेक्षा जास्त मिळायचं.

एवढं सगळं असूनही पडतं, हेही सांगितलं पाहिजे. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. देवादिकांच्या आणि इतिहासाच्या सिनेमांना झुंबड करणाऱ्या पब्लिकनं हा सिनेमा उचलला नाही. आज भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना पहिलं नाव त्याचंच घेतात. बाबूरावांनी ती गोष्ट सोडली नाही. १९३६ मध्ये तीच परत बोलपट म्हणून काढली.

११२ व्हिडिओ टाकून ८४० वर थांबलेल्या आपल्या मित्राला मला हेच सांगायचं होतं. चांगलं काम चालतंच असं नाही. पण न चाललेलं काम वाईटच असतं, असंही नाही. कोणतं आपलं आहे, ते तपासावं लागतं.

पुढची पायरी: १ जून १९२९. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीनं कोल्हापुरात 'प्रभात' सुरू केली. तुतारी वाजवणारी ती बाई आठवते? चित्र दिसलं की प्रेक्षकाला कळायचं, हा माल प्रभातचा. लोगो दहा सेकंदांचा असो नाहीतर तीन, त्याच्यामागं आधीच्या सिनेमाचा अनुभव असेल तरच त्याला किंमत. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' त्यांनी मराठी आणि हिंदी, दोन्हीत काढला. आपला प्रेक्षक सोडला नाही आणि नवा जोडला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

आणि बाबूरावांची कंपनी? १९३१ ला 'आलम आरा' आला, सिनेमा बोलायला लागला. चांगली माणसं आधीच बाहेर पडलेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली. हात तेच होते, डोळा तोच होता, पण मैदान बदललं.

मैदान आजही बदलतं, आणि फार लवकर बदलतं. २००५ ला यूट्यूब आलं. २०१२ ला त्यांनी ठरवलं की व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला महत्त्व द्यायचं. नुसत्या भडक थंबनेलवर जगणारे तिथं आपटले. २०१६ ला जिओ आलं आणि गावोगाव व्हिडिओ फुकटात दिसायला लागला. त्याच वर्षी 'भाडिपा' सुरू झालं. २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं. लाखांनी फॉलोअर असलेली गावाकडची पोरं सकाळी शून्यावर! सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स आणले, तेही आधी भारतात. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या 'आपली आजी' या रेसिपी चॅनलवर हॅकरनं ताबा मिळवला. चॅनल परत मिळालं, पण तेवढे दिवस चुलीपुढं बसणाऱ्या आजींनी काय काढले असतील, विचार करा. म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं काम, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

तर टपरीवर मी त्याचा मोबाइल मागितला. स्टुडिओ ॲप उघडलं. व्हिडिओचं नाव: 'व्हीएमसी भाग ४७'. पहिली ४० सेकंदं फिरणारा लोगो आणि 'बेल आयकॉन दाबा'. आलेख बघितला, तर निम्मे लोक तिथंच उतरलेले. पुढं सहा मिनिटं त्यानं ड्रिल का तुटतं हे इतकं झकास समजावलं होतं, की मला मशीनमधलं काही कळत नसून कळलं!

म्हटलं, "भावा, तुझं पोस्टर आणि तुझा सिनेमा वेगळे आहेत. नाव दे 'ड्रिल सारखं का तुटतं?' फोटो लाव तुटलेल्या ड्रिलचा. पहिल्या दहा सेकंदांत तेच तुटलेलं ड्रिल दाखव. आयटीआयच्या ग्रुपवर टाक, पण 'सबस्क्राइब करा' म्हणू नकोस, 'कुणाचं ड्रिल तुटतंय का' असं विचार. आणि सबस्क्राइबरचा आकडा बघायच्या आधी परत येणारे किती आहेत ते बघ."

अजून एक सांगितलं. कंपनीत शूटिंग करायचं तर लेखी परवानगी घे. मागं ग्राहकाचं ड्रॉइंग दिसलं, तर चॅनल वाढायच्या आधी गेट पास जाईल.

"आणि नोकरी?" त्यानं विचारलं.

म्हटलं, तुझ्याकडं कोणी तानीबाई आहे का? तो हसला. "आहे की. महिन्याच्या सात तारखेला खात्यावर येते."

मग तिला एवढ्यात दुखवू नकोस, म्हटलं.

दोन हजार त्यानं दिले नाहीत. त्यातून कॉलर माइक घेतला. परवा मेसेज आला: सबस्क्राइबर ८६१. पण एका व्हिडिओखाली इचलकरंजीच्या एका पोरानं लिहिलंय, "सर, ऑफसेटवर पण करा की." तो म्हणाला, "दादा, पहिल्यांदाच कुणीतरी पुढचा भाग मागितलाय."

तुमच्याकडं असा कुणी चॅनलवाला असेल, तर हा एपिसोड त्याला पाठवा. भेटू पुढच्या शुक्रवारी. सेकंड शिफ्टवाले, सांभाळून जावा.