ओतीव गोळी आणि पोलादी ठसा

सोलापूरहून मोहोळच्या वाटेला लागले की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने पुढे राज्यभर ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांपैकी ही एक. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा एक कारखाना येथे आहे. मोटारीच्या एंजिनातील झडपांची उघडझाप करणारा दांडा ही कंपनी तयार करते. आधी लोखंड ओतायचे आणि मग तो ओतीव दांडा कातून, घासून नेमक्या मापाला आणायचा, अशी ही रीत. ओतल्याने आकार येतो, माप मागाहून द्यावे लागते. कारखानदारीचा हा साधा नियम बंदुकीच्या शिशाच्या गोळीलाही लागू पडला आणि त्यातून मोठा इतिहास घडला. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१८१८ च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या किल्ल्याला वेढा दिला आणि थोड्याच दिवसांत पेशव्यांचे हे ठाणे पडले. त्या काळच्या तोड्याच्या बंदुका एका मापाच्या नसत. जशी नळी तसा साचा. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या विस्तवालाही ते दाद देते. म्हणून लोखंडी पळी आणि चिमट्यासारखा दोन पाखांचा साचा जवळ असला की शिपाई आपली गोळी आपणच ओतू शके. दारू आणि शिसे मिळाले की त्याचे कोणावाचून अडत नसे.

परंतु अशा गोळीत काही खोडी असत. शिसे निवताना आकसते, त्यामुळे पोटात पोकळी राहू शकते. साच्याच्या दोन पाखांमध्ये शिवण उमटते आणि जेथून शिसे ओतले तेथे देठ उरतो, तो कापावा लागतो. पोकळीमुळे गोळीचा तोल एका अंगाला गेला की ती नेमाने जात नाही. यावर उपाय निघाला तो पोलादी ठशाचा. ओतलेली गोळी थंड असतानाच ठशात घालून जोराने दाबायची. शिसे मऊ, ते दाबाखाली सरकते, पोकळी मिटते, शिवण बुजते आणि प्रत्येक गोळी ठशाच्या मापाची होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील नेमबाजांच्या उत्तम रायफलींबरोबर ओतण्याचा साचा आणि दाबण्याचा ठसा, असे दोन्ही मिळत. तेथे ठसाही नेमबाजाच्या घरीच राहिला.

आमच्याकडे मात्र तो सरकारच्या हाती आला. इंग्लंडात वुलिच येथील सरकारी कारखान्यात शिशाच्या कांबीचे तुकडे यंत्राने दाबून गोळ्या होऊ लागल्या. एन्फील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी तिच्याहून किंचित बारीक. तेल-चरबी लावलेल्या कागदासह ती सहज आत उतरे आणि बार उडताच दारूच्या जोराने फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसे. हजारो बंदुकांना एकच गोळी चालावी, तर माप हुकून चालणार नव्हते. ते माप ठरवणारा मात्र शिपाई नव्हता. गोळी, कागद, चरबी, सारेच त्याच्या हाती तयार होऊन येऊ लागले. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळील दमदम येथे काडतुसाच्या चरबीची कुजबुज उठली, ती याच पार्श्वभूमीवर. जे काडतूस दातांनी फोडायचे ते कशाचे आहे, हे शिपायाला स्वतः ठाऊक नव्हते. उठावाची कारणे अनेक होती. परंतु हा अविश्वास त्यांतले एक मोठे कारण होते, असे आम्हांस वाटते.

पुढे १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातील बंदूक परवान्याखाली आली. कारखाना आणि कायदा यांनी मिळून घरच्या साच्याचे दिवस संपवले.

पण माप आपल्या हाती घेणाऱ्याला जबाबदारीही घ्यावी लागते. दमदमचे नाव पुन्हा गाजले ते १८९० नंतरच्या दशकात. तेथे गोळीवरील धातूचे कवच टोकाशी उघडे ठेवण्यात आले, त्यामुळे शिसे शरीरात पसरून भयंकर जखम करी. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा झाला. इंग्लंडने तो १९०७ साली मान्य केला. टोकाचा आकार कसा असावा, हा प्रश्न तोवर कारागिराचा होता. तो आता राष्ट्रांच्या सदसद्विवेकाचा झाला.

आज भारतात १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. हे आम्ही योग्यच मानतो. घरोघरी साचे असण्याचा काळ आम्हांस परत नको आहे. परंतु ज्या वस्तूचे माप एकाच हाती असते, त्या हाताला लोकांनी प्रश्न विचारीत राहिले पाहिजे. दमदमच्या शिपायाला ते विचारण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे. ती वापरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे.