दरबारचा छायाचित्रकार, दुष्काळाचा साक्षीदार

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की उलटतपासणीचा पहिला प्रश्न ठरलेला : आपण कोणाच्या पदरी आहात? हैदराबादचे राजा दीनदयाळ यांस हा प्रश्न कोणी केला असता, तर "निजामाच्या" हेच उत्तर मिळाले असते.

१८४४ साली मीरतजवळील सरधना येथे जन्मलेले हे गृहस्थ रूरकीच्या कॉलेजात स्थापत्यविद्या शिकले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमून 'राजा' हा किताब दिला. राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांची चित्रे त्यांनी विपुल घेतली. १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपविला. पुत्रांनाही त्यांनी याच व्यवसायात घेतले.

परंतु आम्हांस त्यांचे स्मरण होते ते १८९९-१९०० च्या दुष्काळामुळे. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबाद भागातील उपासमारीने अस्थिपंजर झालेली माणसे त्यांच्या पेढीने टिपली. ज्या हातांनी दरबारचे वैभव टिपले, त्याच हातांची ही साक्ष आहे. पक्षकाराच्याच माणसाने त्याला न शोभणारे सत्य सांगितले, तर त्याचे वजन अधिक, असे आम्ही वकील मानतो.

१९०५ साली दीनदयाळ निवर्तले. आपल्या देवस्थानांच्या उत्सवांची जुनी छायाचित्रे चाळताना पालखीमागे उभ्या असलेल्या अनामिकांकडेही दृष्टी वळावी, एवढा बोध आम्ही त्यांजपासून घेतला आहे.