प्रोसेसर कोणता? – एका प्रश्नाची कुळकथा

लिनक्सचं ३२-बिट कर्नेल स्वतः बांधायला बसलं की मेनूत एक लांबलचक यादी येते: ४८६, पेन्टियम, पेन्टियम प्रो, के६, ॲथलॉन... त्यातला एक निवडायचा. आमच्या धारूरमध्ये ही यादी उघडून बघणारे फार नसतील, पण तिच्यातली यंत्रं घाट चढून इथवर आली आहेत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्यातालुक्यात संगणकाचे क्लास निघाले आणि शहरात वापरून झालेले डबेही गावांकडे आले. त्यामुळे या यादीचा शेपटीकडचा भाग आपल्याकडे जरा जास्त जवळचा.

प्रश्नाचं मूळ बर्कलीच्या युनिक्समध्ये सापडतं. १९७७ साली बाजारात आलेलं व्हॅक्स-११/७८० हे एकच यंत्र होतं तोवर विचारायचं काही नव्हतंच. मग ७५० आलं, ७३० आलं. तिघांचा आज्ञासंच तोच, पण स्मृतीचं नियंत्रण आणि बाहेरची उपकरणं जोडायची पद्धत वेगळी. म्हणून ‘कॉन्फिग’ नावाचा प्रोग्रॅम आला. एका साध्या फाइलीत ‘मशीन व्हॅक्स, सीपीयू व्हॅक्स७८०’ असं लिहायचं. कॉन्फिग ती वाचून बांधणीची सगळी सामग्री तयार करून द्यायचा. सीपीयूच्या दोन-तीन ओळी लिहिल्या की तिन्ही यंत्रांचा कोड आत यायचा, आणि सुरू होताना कर्नेल व्हॅक्सच्या ओळख-रजिस्टरमधला आकडा वाचायचं: ७८० साठी १, ७५० साठी २, ७३० साठी ३. बांधताना माणसाला विचारणं आणि चालू होताना चिपलाच विचारणं, या दोन्ही रीती तिथेच एका घरात नांदत होत्या. पुढचा सगळा इतिहास म्हणजे पहिलीचं काम हळूहळू दुसरीकडे जाणं. बर्कलीच्याच वंशातल्या फ्रीबीएसडीच्या ६४-बिट कॉन्फिग फाइलीत आजही ‘सीपीयू हॅमर’ अशी ओळ आहे. हॅमर हे एएमडीच्या पहिल्या ६४-बिट घराण्याचं कारखान्यातलं टोपणनाव.

लिनसने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते स्वतःच्या ३८६ साठी. दुसऱ्या प्रोसेसरचा विचारही नव्हता. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉसच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. परमच्या पुढच्या पिढ्यांनी इंटेल आय८६०, स्पार्क, पॉवर४ अशी घराणी बदलली. लिनक्स मात्र घर न सोडता पाहुणे वाढवत गेलं. १९९४ च्या १.० आवृत्तीत प्रश्नावली सुरू व्हायची तीच गणिताच्या सहप्रोसेसरची नक्कल हवी का, या प्रश्नाने. कारण ३८६ ला आणि स्वस्त ४८६एसएक्सला दशांश गणिताचं अंग नव्हतं. ४८६ साठी खास बांधणी हवी का, हा आणखी एक प्रश्न. प्रोसेसरचा मेनू वाढला तो या दोन ओळींवरून.

३८६ ला एक खोड होती. पान ‘लिहू नये’ असं राखून ठेवलेलं असलं तरी खुद्द कर्नेल लिहायला गेलं की चिप अडवायची नाही. त्यामुळे वापरकर्त्याच्या स्मृतीत लिहिण्याआधी कर्नेलला आपणच तपासणी करावी लागे. ४८६ ने ही उणीव भरून काढली, शिवाय अनेक प्रोसेसरांच्या समन्वयाला लागणारी तुलना-अदलाबदलीची आज्ञा आणली. एका जुन्या चिपसाठी ही वेगळी वाट वीसेक वर्षं सांभाळली गेली. अखेर २०१२ च्या डिसेंबरात कर्नेलवर काम करणाऱ्या इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार काढून टाकणारे बदल पाठवले आणि ३.८ पासून लिनसचं ते पहिलं यंत्र लिनक्सला पारखं झालं. लिनसला त्याचं काही वाटलं नाही; मला थोडं वाटलं.

नव्या चिपांना सीपीयूआयडी ही आज्ञा आहे. काय येतं, काय नाही, हे त्या स्वतःच सांगतात. कर्नेल सुरू होताना ते ऐकून आपल्याच कोडात जागच्या जागी आज्ञा बदलून घेतं. एकच प्रोसेसर असेल तर प्रोसेसरांच्या समन्वयासाठी आज्ञांना लावलेली ‘कुलपं’ पुसूनही टाकतं. मग मेनूतल्या निवडीला उरलं काय? मुख्यतः खालची मर्यादा. ‘६८६’ निवडलं की पेन्टियम प्रोच्या आधीचं यंत्र बाद, कारण त्याला न कळणाऱ्या आज्ञा कर्नेलमध्ये येतात. नवं यंत्र मात्र मुकाट चालतं. वेग थोडाफार वाढतो, पण हा प्रश्न आता कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं याचा आहे, आणि तो बहुधा आपल्यासाठी दुसराच कोणी सोडवतो. डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ५८६ सोडला. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी तयार कर्नेल आणि इन्स्टॉलर देणंच थांबवलं.

तेव्हा कोपऱ्यातला जुना पेन्टियम ४ ज्याला नव्या कर्नेलवर चालवायचा आहे, त्याने तो मेनू स्वतः उघडावा. बांधणी शक्यतो दुसऱ्या वेगवान यंत्रावर करावी, जुन्यावर तासन् तास जातील. मध्येच लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही: बांधणी चालवणारा ‘मेक’ हा प्रोग्रॅम तयार झालेल्या फाइली पुन्हा बांधत बसत नाही, उरलेल्यांपासून पुढे जातो.