महारोहिणीचा फुगवटा आणि रक्ताची साक्ष



हृदयांतून निघालेलें शुद्ध रक्त सर्व शरीरास पुरविणारी जी मुख्य वाहिनी, तिला महारोहिणी म्हणतात. तिची भिंत एकाद्या ठिकाणीं दुबळी झाली म्हणजे रक्ताच्या दाबानें ती तेथें फुगूं लागते. हा फुगवटा बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं; आणि फुटतो तेव्हां उपायास वेळ उरत नाहीं. अशा मुक्या शत्रूस आधीं ओळखावें कसें, याची थोडी हकीकत आज सांगावयाची आहे.

सोळाव्या शतकांत शरीरशास्त्रज्ञ व्हेसॅलिअस यानें या विकाराचें वर्णन केलें. त्या काळीं वैद्याजवळ साधन काय, तर स्वतःचा हात ! बोटांस लागेल तेवढें स्पंदन हेंच निदान. १८१७ सालीं लंडनमध्यें अ‍ॅस्टली कूपर यांनीं रक्तस्राव थांबविण्यासाठीं महारोहिणीच बांधण्याचें धाडस केलें; परंतु रोगी वांचला नाहीं. १८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधले, आणि छातींतील फुगवटा छायारूपानें दिसूं लागला.

१९४८ सालीं आइन्स्टाइन यांचें पोट शस्त्रक्रियेसाठीं उघडलें, तेव्हां डॉ. रुडॉल्फ निसेन यांना तेथें मोठा फुगवटा आढळला. त्यांनीं तो सेलोफेननें वेढला. पुढें १९५१ सालीं पॅरिसमध्यें शार्ल द्युबोस्ट यांनीं बिघडलेला भाग काढून तेथें दुसरी रोहिणी जोडून दाखविली. परंतु १९५५ च्या एप्रिलांत आइन्स्टाइन यांचा फुगवटा फुटला, तेव्हां त्यांनीं शस्त्रक्रियेस नकार दिला, आणि १८ तारखेस ते निवर्तले.

आज ध्वनिलहरींच्या तपासणीनें, म्हणजे सोनोग्राफीनें, पोटांतील रोहिणी सहज मोजतां येते. ती ३ सेंटिमीटर वा अधिक रुंद भरली कीं फुगवटा समजतात. इंग्लंडांत ६५ व्या वर्षीं पुरुषांस ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेकडून मिळते. पण यंत्र सर्वत्र नसतें. रक्ताचे चार थेंब मात्र कोठेंही काढतां येतात. म्हणून संशोधक रक्तांतच साक्षीदार शोधीत आहेत.

फुगवट्याच्या आंत रक्ताच्या गुठळीचे थर बसतात. गुठळींतील फायब्रिन नांवाचें प्रथिन विरघळतांना त्याचे तुकडे रक्तांत उतरतात. त्यांस डी-डायमर म्हणतात. फुगवटा असतां त्यांचें प्रमाण वाढलेलें आढळतें. परंतु पायाच्या शिरेंत गुठळी झाली, न्यूमोनिया झाला, गर्भारपण असलें, किंवा केवळ वय वाढलें, तरीही तें वाढतें. वर्गांत शाई सांडली आणि दहा मुलांचीं बोटें निळीं दिसलीं, तर शाई कोणी सांडली हें मास्तरानें कसें सांगावें ? ज्यांचीं बोटें स्वच्छ, त्यांना मात्र सोडून देतां येतें. महारोहिणीची भिंत अकस्मात चिरते त्या विकारांत डॉक्टर याच रीतीनें चालतात : धोका थोडा आणि डी-डायमर कमी, तर तो विकार बहुधा नाहीं. भिंतीचे लवचिक तंतु कुरतडणाऱ्या द्रव्यांचाही मागोवा चालू आहे. पण केवळ रक्तावरून फुगवट्याचें निश्चित निदान करील असें एकही प्रथिन अद्याप हातीं लागलेलें नाहीं.

साठी उलटलेला मी एक जुना मास्तर आहें, म्हणून समवयस्कांस एवढेंच विनवितों : हा विकार वृद्ध पुरुषांत अधिक, आणि तंबाखू ओढणारांत फारच अधिक. रक्ताची साक्ष मिळेल तेव्हां मिळो. तोंवर विडी टाका, आणि डॉक्टरांस विचारून पोटाची सोनोग्राफी एकदां करून घ्या. आइन्स्टाइन यांच्या फुगवट्याचा पत्ता पोट उघडल्यावर लागला. आपल्याला तेवढी वाट पाहण्याचें कारण नाहीं.