एकोणीस वर्षांचा वडीलधारा

लेकाकडे अमेरिकेत राहायला गेलो की आमच्या हिला एक धास्ती असते. दारात आलेल्या माणसाला बूट काढायला सांगायचं कसं? समोरच्या घरातल्या आजोबांनी ती पहिल्याच दिवशी घालवली. ऐंशीचे गृहस्थ. उंबऱ्याशी कण्हत वाकले, नाड्या सोडल्या, बूट काढले. मग ते उचलून, फिरवून, टोकं दाराकडे करून शेजारी शेजारी ठेवले. निघताना सरळ पाय घालता यावा म्हणून. "ही सवय जपानची," म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी लागली."

लेकाचं घर युटामधल्या लीहाय गावात. गावाचं नावच मुळी मॉर्मनांच्या ग्रंथातलं, तेव्हा आजोबा मॉर्मन असणार हे ओघानंच आलं. हिने आलं घालून चहा केला होता, तो त्यांनी हात जोडून नाकारला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे सगळं त्यांच्यात वर्ज्य. शेवटी पुण्याहून नेलेल्या कोकमच्या आगळाचं सरबत पुढे आलं. ते त्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे गोष्टींची बैठक सुरू झाली.

मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालेल्या पोराला त्यांच्यात 'एल्डर' म्हणतात. एल्डर म्हणजे वडीलधारा! मिसरूड धड फुटलेलं नाही, आईनं घातलेल्या घड्या बॅगेत तशाच आहेत, आणि नाव काय, तर वडीलधारा. आजोबांचं पत्र 1964 मध्ये आलं. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नसतं. तेव्हा चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र यायचं, घरचे सगळे जमायचे आणि ते फोडलं जायचं. ह्यांच्या पत्रात जपान निघालं. अडीच वर्षं. परक्या भाषेच्या देशात तेव्हा तेवढी मुदत असायची. खर्च घरच्यांचा. वडिलांची दुभती गुरं होती, त्यातल्या दोन गायींचं दूध 'जपानचं' म्हणून वेगळं मांडलं जायचं.

भाषेचा एक शब्द येत नव्हता. साप्पोरोत नेऊन सोडलं, ते नेमकं हिवाळ्याच्या तोंडावर. त्या शहरात मोसमाला पाचेक मीटर बर्फ पडतो. सायकली नोव्हेंबरातच बांधून ठेवायच्या आणि घरोघर पायी हिंडायचं. तिथली जुनी घरं सरकत्या दारांची, तेव्हा ठोठावण्याचा प्रश्न नाही. दार जरासं सरकवायचं, आतल्या मोकळ्या जागेत उभं राहून "गोमेन कुदासाई" अशी हाक द्यायची आणि वाट बघायची. आतून बाई यायच्या, गुडघ्यांवर बसायच्या, पाठ केलेली चार वाक्यं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि हसून म्हणायच्या, "केक्को देस."

शब्दकोशात पाहिलं तर केक्को म्हणजे छान, उत्तम. पोरगा खूश! आठवडाभर हा वहीत लिहितोय: आज अकरा घरी 'उत्तम' म्हणाले. जोडीदार जुना होता, त्यानं मुद्दामच सांगितलं नाही. आठव्या दिवशी एका पोस्टमननं उलगडा केला. दारात उभ्या माणसाला 'केक्को देस' म्हणजे 'नको, आहे ते छान आहे.'

मी इतका हसलो की हिने आतून विचारलं, काय झालं? आपल्याकडे 'बघू' म्हणतात ना, तेच ते. आणि मला माझे आजोबा आठवले.

आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले ते बाराव्या वर्षी, शंभर वर्षांपूर्वी. चार दिवस वार लावून जेवायचे आणि उरलेल्या दिवशी माधुकरी. खांद्याला झोळी लावून "भवति भिक्षां देहि" म्हणायचं आणि थांबायचं. सदाशिव पेठेतली कुठली माउली भातावर वरण घालते, कुठली नुसताच भात, आणि कुठल्या वाड्यातून 'अजून सोवळं व्हायचंय' असं ऐकू येतं, याचा नकाशा त्यांना नव्वदीतही पाठ होता. शिकले काय, ते क्वचित सांगायचे. दारं मात्र रोज. एक खरं, की ती दारं उघडायला त्यांची जात पुरेशी होती. ह्या पोराला तीही सोय नव्हती. ह्याची तर कातडीच परकी, आणि युद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती. एका घरी म्हाताऱ्यानं काही न बोलता भिंतीवरचा गणवेशातल्या मुलाचा फोटो दाखवला आणि दार सरकवलं. त्या दिवशी पुढच्या घरी गेलोच नाही, एवढंच समोरच्या आजोबांनी सांगितलं.

मिशनचा नियम असा की एकट्यानं कधी राहायचं नाही. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा. आता सकाळी साडेसहाला उठणं, रात्री साडेदहाला अंथरुणात, आठवड्यातला एक दिवस कपडे-केस-पत्रांचा, असं पोरांचं ठरलेलं वेळापत्रक असतं. तेव्हाही फारसं वेगळं नव्हतं. हल्ली 2019 पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. त्याआधी वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. ह्यांच्या वेळी नुसती पत्रं. ह्यांची आजी गेल्याचं कळलं तेव्हा तिला पुरून दहा दिवस झाले होते. जोडीदाराशी तेव्हा अबोला होता. म्हणे तो भांडी विसळताना गुणगुणायचा आणि एकच ओळ गुणगुणायचा. त्या संध्याकाळी त्यानं भांडी गुणगुणल्याशिवाय घासली.

"पण आम्ही तुमच्याकडेही आलो होतो," आजोबा एकदा म्हणाले. मला वाटलं हल्लीच्या बंगळूर-दिल्लीतल्या मिशनबद्दल बोलतायत. ते बोलत होते 1852 च्या पुण्याबद्दल! ह्यू फिन्डले नावाचा स्कॉटिश माणूस त्या वर्षी मुंबईत उतरला आणि पुण्यात गेला. लष्करात प्रवचन करायला त्याला मनाई झाली. तरी त्यानं पुण्यात मूठभर माणसं जमवली. 1855 मध्ये त्यानं 'टू द मराठाज ऑफ हिंदुस्तान' अशी पुस्तिकाही मुंबईत छापून घेतली, आणि त्याच वर्षी देश सोडला. 1852 मध्येच विश्रामबागवाड्यात जोतिराव फुल्यांचा सरकारनं सत्कार केला होता. पेठांमध्ये वादाला खाद्य भरपूर होतं. ह्या पाहुण्याकडे कोण बघणार?

त्यातून मागून आलेल्या बातमीनं घात केला. ऑगस्ट 1852 मध्ये सॉल्ट लेक सिटीत खास परिषद भरली. तिथे शंभरेक जणांना जगभर पाठवायचं ठरलं, आणि त्याच परिषदेत मॉर्मनांनी बहुपत्नीत्वाची जाहीर कबुली दिली. हिंदुस्थानकडे निघालेली मंडळी जानेवारी 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ज्या जहाजात बसली त्याचं नाव होतं 'मॉन्सून'. एप्रिलअखेर ती कलकत्त्याला पोचली. जवळ पैसा ठेवायचा नाही, मिळेल तिथे जेवायचं, हा त्यांचा बाणा. म्हणजे माधुकरीच की! पण गोऱ्या साहेबानं दारोदार जेवण मागावं हे ना छावणीतल्या साहेबांना रुचलं, ना आपल्या लोकांना कळलं. दोन-तीन वर्षांत बहुतेक जण परतले.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं वेगळी. ती बंगले बांधून, मराठी शिकून आयुष्यभर राहिली आणि कित्येक इथेच पुरली गेली. ही मॉर्मन पोरं येणार, मुदत संपली की जाणार. मला आधी हे जरा उथळ वाटायचं. मी एकदा आजोबांना नेमकं विचारलं, अडीच वर्षांत किती जणांना धर्मात घेतलंत? "चार," म्हणाले, "त्यातले तीन पुढच्या वर्षी गळले." मग विषय नेहमीसारखा साप्पोरोतल्या घरमालकिणीकडे वळला.

ती विधवा. चर्चच्या वाऱ्याला कधी उभी राहिली नाही. पण पोरं हिरवा चहा घेत नाहीत म्हटल्यावर तिनं भाजलेल्या सातूचं गरम पाणी करायला सुरुवात केली. दारात बूट काढताना ह्यांच्या मोज्याचं भोक तिला दिसलं. पुढच्या घरची बाईही तेच बघणार! तिनं मोजे काढून घेतले आणि कोळशाच्या स्टोव्हपाशी बसून रफू करून दिले. हे तिथून गेल्यावर तिची नववर्षाची कार्डं येऊ लागली, त्या त्या वर्षाच्या प्राण्याचं चित्र असलेली. आजोबांनी डबा आणून आमच्या टेबलावर ओतला. पहिलं 1967 चं, मेंढीचं. वाघ, घोडा, माकड, सगळे दोनदा-तीनदा येऊन गेलेले. शेवटचं 1999 चं, सशाचं. अक्षर सुनेचं. ड्रॅगनचं आलंच नाही.

"काय लिहायची?" हिने विचारलं.

"एकच. तिकडे थंडी किती आहे आणि मोजे आहेत ना."

अंधार पडला तसे ते उठले. दाराकडे टोकं करून ठेवलेल्या बुटांत पाय घातले. हिची नजर खाली गेली, तशी माझीही. मोजे जाड लोकरीचे होते, आणि डाव्या टाचेपाशी निराळ्या रंगाच्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं.